मिरजेचे ‘मरिज’ करणाऱ्या पीडीएफ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली दाखला मागा, पतसंस्थेचा खातेउतारा मागा, नाहीतर कॉलेजचा निकाल मागा, मोबाइलवर पीडीएफ येऊन पडते. ती कोणी बसून टाइप केलेली नसते. प्रोग्रॅम एक ठरलेला साचा उघडतो, त्यात नाव, रक्कम आणि तारीख भरतो, पान बांधतो आणि पाठवून देतो. मी पोटासाठी हेच काम करतो. गडहिंग्लज भागातल्या काही दूध संस्थांची दहा दिवसांची बिले माझ्या प्रोग्रॅममधून निघतात. म्हणून ही तक्रार आमच्याच धंद्याविरुद्ध आहे, असे समजावे. पीडीएफ काढणारे मराठी तपासत नाहीत आणि विकत घेणारे तपासून घेत नाहीत.

तपासत नाहीत म्हणजे काय, ते सांगतो. ज्या प्रोग्रॅमला देवनागरी जुळवता येत नाही, तो अक्षरे ज्या क्रमाने साठवलेली असतात त्याच क्रमाने कागदावर ठेवत जातो. ‘मि’ साठवताना आधी म आणि मग वेलांटी असते. छापताना मात्र वेलांटी म च्या आधी यायला हवी. हा अदलाबदल झाला नाही, की वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसते आणि ‘मिरज’चे ‘मरिज’ होते. (मिरज दवाखान्यांचे गाव, तेव्हा हे खपून जाईल, असे आमच्यातला एक जण म्हणाला होता.) ‘गडहिंग्लज’मध्ये ह ची वेलांटी ग वर जाते आणि ‘ग्ल’ फुटून ग पाय मोडून उभा राहतो. ‘कोल्हापूर’मधला ल लंगडतो, ‘सर्व’मधला रफार खाली उतरतो. ‘कऱ्हाड’चे काय होते ते तर लिहून दाखवताच येत नाही.

गंमत अशी, की हा दोष चाचणीत सापडत नाही. प्रोग्रॅम लिहिणारा नमुन्यादाखल जे नाव टाकतो ते हमखास ‘रमेश पाटील’ असते. त्यात ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, रफार नाही. ते कुठल्याही मोडक्या प्रोग्रॅममधून सहीसलामत बाहेर पडते. साहेबांना नमुना दाखवला जातो, साहेब मान डोलावतात आणि पुढच्या महिन्यात संपूर्ण तालुक्याची नावे मोडून येतात.

माझे वडील छापखान्यात कंपोझिटर होते. खिळ्यांच्या पेटीसमोर उभे राहून ते हाताने ओळ जुळवायचे. ‘मि’ आला की वेलांटीचा खिळा आधी उचलायचा, हे त्यांना कोणी सांगावे लागत नसे. जोडाक्षराचा अखंड खिळा पेटीत असेल तर तो घ्यायचा, नसेल तर अर्धे अक्षर आणि पुरे अक्षर शेजारी बसवायचे, रफार शेवटी चढवायचा. पीडीएफ म्हणजे आतून तसेच जुळवलेले पान आहे. अमुक फॉन्टमधला अमुक क्रमांकाचा खिळा पानावर अमुक ठिकाणी, एवढेच त्यात लिहिलेले असते. तो शब्द कोणता, भाषा कोणती, याच्याशी तिला कर्तव्य नाही. खिळे निवडण्याचे काम पीडीएफ होण्याच्या आधीच कोणीतरी करून द्यावे लागते. इंग्रजीत एका अक्षराला एक खिळा पुरतो, त्यामुळे हे काम आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते.

पीडीएफ अडोबी कंपनीने १९९३ मध्ये बाजारात आणली. २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. सुरुवातीला प्रत्येक वाचक-प्रोग्रॅमकडे असतीलच असे धरलेले चौदा फॉन्ट होते. त्यात देवनागरी एकही नव्हता. युनिकोडमध्ये (म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) देवनागरी १९९१ पासून, म्हणजे पहिल्या आवृत्तीपासूनच आहे. पण युनिकोड फक्त अक्षरांची ओळख देते, ती जुळवायची कशी हे फॉन्टमधले नियम आणि ते नियम वाचणारा प्रोग्रॅम मिळून ठरवतात. हे जुळवणीचे काम करणारा हार्फबझ नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. क्रोम ब्राउझर तोच वापरतो, अँड्रॉइड फोनमध्येही तोच असतो. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर मराठी सुबक दिसते, आणि त्याच ॲपने काढलेल्या पीडीएफमध्ये तीच मराठी मोडते, कारण पीडीएफ काढणारी लायब्ररी, म्हणजे ॲपमध्ये जोडलेला तयार प्रोग्रॅम, वेगळी असते आणि तिला हार्फबझ माहीत नसतो.

यावर कंपन्यांचे ठरलेले उत्तर असते: ‘तुमच्या मोबाइलमध्ये फॉन्टचा प्रॉब्लेम आहे.’ हे ऐकून घेऊ नये. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत घालून पाठवता येतो आणि खिळे आधीच निवडलेले असतात. माझ्या मोबाइलने त्यात काही निवडायचे उरलेलेच नसते. वेलांटी चुकीच्या जागी दिसते तर ती पाठवणाऱ्यानेच तिथे बसवली आहे.

दुसरा नेहमीचा प्रकार चौकोनांचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या टेबलावरच्या विंडोजमध्ये मंगल किंवा निर्मला असा देवनागरी फॉन्ट असतो, त्यामुळे त्याच्याकडे सगळे ठीक दिसते. सर्व्हर असतो लिनक्सचा आणि त्यावर देवनागरी फॉन्ट कोणी टाकलेलाच नसतो. रात्री बिले निघतात आणि सकाळी सभासदांना नावाच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग मिळते. नोटो, मुक्ता, लोहित असे चांगले देवनागरी फॉन्ट विनामूल्य आहेत आणि ते सर्व्हरवर टाकायला काहीही वेळ लागत नाही.

हत्यारांबद्दलही दोन शब्द, कारण हे पत्र एखादा धंदेवाला वाचेल अशी आशा आहे. एचटीएमएलमध्ये साचा लिहून त्याची पीडीएफ करणे सोपे पडते, बहुतेक जण तेच करतात आणि तो रस्ता चांगला आहे. पण त्या रस्त्यावर वर्षानुवर्षे चाललेला डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ हा प्रोग्रॅम त्याच्या कर्त्यांनीच २०२३ मध्ये बंद करून कपाटात ठेवला, तरी तो ठिकठिकाणी चालूच आहे. पीएचपीवाल्यांचा आवडता एफपीडीएफ मुळात युनिकोड जाणतच नाही. डॉमपीडीएफ युनिकोड घेतो, पण जोडाक्षरे जुळवत नाही. एमपीडीएफ जुळवतो, मात्र आपण बाहेरून फॉन्ट आणला तर त्यासाठी जुळवणीची सेटिंग चालू करावी लागते, आणि ती ओळ लोक गाळतात. पायथनमध्ये वीझीप्रिंट हे काम नीट करतो. काहीच जमले नाही तर पडद्याविना चालणाऱ्या क्रोमकडून पीडीएफ काढून घ्यावी. यातल्या एकालाही पैसे पडत नाहीत. अडचण पैशाची नव्हतीच.

आता साच्याबद्दल. साचे बहुधा इंग्रजी बिलावरून उचललेले असतात आणि मजकूर तेवढा मराठी केलेला असतो. इंग्रजीच्या मापाने ओळीची उंची ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. तक्त्याच्या चौकटीत ‘र्की’चा वरचा भाग कापला जातो. कपातीचा रकाना इंग्रजीतल्या तीन-चार अक्षरांपुरता असतो, त्यात ‘पशुखाद्य उधारी वसुली’ मावत नाही. मग कोणीतरी ते ‘प.उ.व.’ करते. दूध घालणाऱ्या बाईंना बिलात सगळ्यात आधी काय पाहायचे असते, तर कपात. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) आणि दर त्यांना रोजच्या रोज माहीत असतात. ते आकडे संकलन केंद्रावर त्यांच्यासमोरच लागलेले असतात. पैसे कशापोटी कापले, ते त्यांना कागदावर वाचायचे असते. ‘प.उ.व.’ वाचून त्या संस्थेत भांडायला येतात आणि त्यांचे बरोबर असते. रकाना रुंद करायचा, नाहीतर मजकूर दोन ओळींत पडू द्यायचा. शब्द कापायचा नाही, असा नियम मी ठेवला आहे. तसेच लांबलेला तक्ता दुसऱ्या पानावर गेला तर रकान्यांची नावे तिथे पुन्हा यावीत आणि ‘एकूण देय’ ही ओळ एकटीच पुढच्या पानावर पडू नये, हे साच्यातच सांगून ठेवता येते. दोन ओळींचे काम आहे.

साच्यात जे प्रत्येक ठिकाणी लागते, ते आम्ही वेगळ्या छोट्या फंक्शनमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या तुकड्यात, ठेवतो. त्यांना हेल्पर म्हणतात. रक्कम द्या, तो स्वल्पविराम घालून देतो. तारीख द्या, तो ‘दि. ११ ते २०’ असे करून देतो. मला विचाराल तर पीडीएफमधली खरी मराठी या हेल्परांत असते, साच्यात नसते. साच्यातला मजकूर एकदा कोणीही नीट लिहून देईल. हेल्पर रोज हजारो कागदांवर मराठी लिहीत असतो आणि त्याला मराठी शिकवणारा माणूस बहुधा मराठी नसतो, किंवा असूनही त्याने विचार केलेला नसतो.

साधे उदाहरण रकमेचे. १,२५,००० हे १२५,००० असे छापून येते, कारण हेल्परला लाख ठाऊक नाही. भाषेच्या जागी ‘एमआर-आयएन’ (म्हणजे मराठी, भारत) एवढे सांगितले तर ब्राउझरमधलेच तयार फंक्शन लाखाचे स्वल्पविराम घालून, वर आकडेही देवनागरी करून देते. तेवढेही सांगितले जात नाही.

अक्षरी रक्कम तर बघवत नाही. इंग्रजीत एक ते एकोणीस आणि पुढे दहांचे शब्द शिकवले की नव्व्याण्णवपर्यंत सगळे आकडे जोडून तयार होतात. मराठीत ती सोय नाही. एकवीस, बावीस, तेवीस यांच्यात वीस आहे खरा, पण तेवीसमधला ‘ते’ त्रेपन्नात ‘त्रे’ होतो आणि त्र्याहत्तरात ‘त्र्या’. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणऐंशी अशी मालिका नव्वदपर्यंत लागते आणि नव्व्याण्णवाला तुटते. एकोणशंभर कोणी म्हणत नाही. म्हणजे शंभरच्या शंभर शब्द हाताने लिहून यादीत ठेवण्यावाचून इलाज नाही. तो कंटाळा केला की ‘पन्नास नऊ रुपये फक्त’ असे छापलेले चलन हातात येते. असे चलन मी एका बँकेच्या काउंटरवर पाहिले. काउंटरवरच्या मुलीने त्यावर पेनाने ‘एकोणसाठ’ लिहून शिक्का मारला. संगणक आला तरी पेन लागलेच.

यादी लावण्याचेही तसेच. साठवणीच्या क्रमाने यादी लावली तर ‘क्ष’ची आडनावे क मध्ये आणि ‘ज्ञ’ची ज मध्ये जातात. सभासद स्वतःचे नाव शेवटी शोधतो आणि ‘माझे नाव वगळले’ म्हणून सचिवांकडे जातो. मराठी क्रमाने यादी लावायची तयार सोय उपलब्ध आहे, ती मागितली पाहिजे.

इथवर जे सांगितले ते डोळ्यांना दिसते, म्हणून कधी ना कधी कोणीतरी ओरडतो. दुसरा दोष दिसत नाही आणि तो जास्त पसरलेला आहे. पीडीएफ दिसायला उत्तम असते, पण त्यातले नाव कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवले की ‘मिरज’मधली वेलांटी म च्या आधी सुटी पडते, जोडाक्षरे गळतात, कधी सगळा कचराच येतो. कारण खिळ्याचा क्रमांक दिल्यावर मूळ अक्षर सांगणारा तक्ता पीडीएफमध्ये सोबत घालावा लागतो. तो घातला नाही किंवा अर्धवट घातला, तर पान केवळ चित्रासारखे उरते. जोडाक्षरांच्या बाबतीत हा तक्ताही कधी कधी अपुरा पडतो, त्यासाठी मूळ मजकूर शेजारी जपून ठेवण्याची वेगळी सोय मानकात आहे. ती फार थोडी हत्यारे वापरतात. वर ज्यांची शिफारस केली तेही इथे मार खातात. त्यामुळे हे प्रत्येक फॉन्टसह तपासूनच घ्यावे लागते.

याचे परिणाम रोजचे आहेत. शंभर पानांच्या यादीत आपले गाव शोधायला जावे तर सापडत नाही. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या अंध माणसाला ते पान बोलून दाखवले जात नाही, किंवा नाही नाही ते ऐकू येते. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे, तरी ही स्थिती. जुन्या फॉन्टांत केलेल्या फायली तर याहून वाईट. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे खिळे बसवलेले असायचे. दिसायला मराठी, आत इंग्रजी अक्षरांची खिचडी. ज्या काळी दुसरा मार्ग नव्हता त्या काळी त्या फॉन्टांनी मराठी छपाई तारली, हे मी छापखान्यातला पोरगा म्हणून मान्य करतो. आज नवीन प्रोग्रॅम लिहिताना तेच फॉन्ट घेण्याला मात्र कारण नाही.

आणि एक पळवाट आहे, तिच्याबद्दल राग येतो. संगणकातून कागद छापायचा, सही-शिक्का मारायचा, स्कॅन करायचा आणि त्या फोटोची पीडीएफ करून ‘डिजिटल’ म्हणून पाठवायची. फाइल कितीतरी पट जड, त्यात एक अक्षर शोधता येत नाही, आणि पावसाळ्यात आमच्याकडे नेटवर्क गेले की ती उतरतही नाही.

माझ्या बहिणीला एका कार्यालयाकडून एक दाखला मिळाला, स्कॅन केलेला नव्हे, डिजिटल सहीचा. नावातली वेलांटी सरकलेली. पुढच्या कार्यालयाने ‘नावात तफावत’ म्हणून तो परत केला. पहिल्या कार्यालयात गेलो तर म्हणाले, आमच्या पडद्यावर बरोबर आहे. तेही खरेच होते. डेटाबेसमध्ये नाव बरोबर होते, मोडले ते पीडीएफ काढताना. पेनाने दुरुस्त करून द्या म्हटले तर डिजिटल सही आहे, पेन चालत नाही. हे उत्तरही तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ने अशा सहीला मान्यता दिली आहे आणि ती सही, तिची स्वतःची जागा सोडली तर, फाइलमधल्या प्रत्येक बाइटवर असते. एक ठिपका हलवला तरी सही तुटते. म्हणजे मोडलेल्या नावावर सही झाली की ते नाव मोडलेलेच प्रमाणित झाले. हिरवी टिकमार्क सांगते की कागदात कोणी फेरफार केलेला नाही, आणि ती खरे सांगते. साचा दुरुस्त करून दाखला नव्याने काढावा लागतो, आणि तो साचा ज्या कंपनीकडे आहे तिचा फोन कार्यालयातही कोणाकडे नव्हता. शेवटी बहिणीने प्रतिज्ञापत्र करून दिले, स्टॅम्पपेपरवर, छापील.

अशा तक्रारी वाढल्या की त्यावरचा तोडगाही ठरलेला आहे: ‘मराठीचा त्रास होतो, इंग्रजीत करून टाका.’ मला हे दोन संस्थांच्या सचिवांनी तोंडावर सांगितले आहे. त्यांचा हेतू वाईट नव्हता, दर दहा दिवसांनी त्यांनाच भांडण ऐकावे लागते. कारभार मराठीत चालावा म्हणून केलेला राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. पण मराठी कागदावरून मराठी जाते ती कायदा मोडायचा म्हणून जात नाही. एखाद्या साच्यातल्या फॉन्टच्या ओळीपायी जाते.

म्हणून मागणी फार मोठी नाही. ग्रामपंचायत, पतसंस्था, बँक, विद्यापीठ, जो कोणी असा प्रोग्रॅम विकत घेतो, त्याने पैसे देण्याआधी चाचणी स्वतः घ्यावी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बारा तालुक्यांची नावे आणि जोडीला मिरज, कऱ्हाड, ज्ञानेश्वरी, विठ्ठल, ॲडव्हान्स एवढे शब्द साच्यात भरून पीडीएफ काढायला सांगावी. ती साध्या मोबाइलवर उघडावी. वाचावी. मग त्यातली एक ओळ कॉपी करून स्वतःलाच मेसेज पाठवावा. आली तशीच्या तशी तर ठीक. एक शब्द शोधून पाहावा. वीस वर्षे जपायचे कागद असतील तर पीडीएफ-ए हा प्रकार मागावा. २००५ पासून तो मानक आहे आणि त्यात फॉन्ट सोबत असणे सक्तीचे आहे. ५९ रुपये आणि १,२५,०९९ रुपये यांची अक्षरी रक्कम छापून बघावी. हे सगळे करायला चहा निवायचाही वेळ लागत नाही. करारात या गोष्टी लिहून घेतल्या तर कंपन्या निमूट करून देतात, कारण त्यांना ते अवघड नाहीच. आजवर कोणी मागितले नाही, एवढेच.

माझ्याकडे शून्य ते शंभर मराठी अंकांची यादी आहे, मराठी क्रमाने नावे लावणारे फंक्शन आहे आणि वर सांगितलेल्या शब्दांचे चाचणीचे पान आहे. कोणत्याही संस्थेला किंवा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलामुलींना ते हवे असेल तर फुकट देईन. पत्ता संपादकांकडे आहे. यादीतल्या शुद्धलेखनाबद्दल मतभेद असतील, विशेषतः त्रेसष्ट की त्रेसष्ठ यावर आमच्या घरातच एकमत नाही, तर तेही कळवावे.

कळावे,
एक दूधबिलवाला,
ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांस कळविला आहे.)